ठरलंय ना आपलं

प्रिय चिमणे,

पाच वर्षांनी हे अक्षर पाहून दचकली असशील. तू आता शाळेत चित्रकला शिकवतेस, हे तुझ्या भावाकडून कळलं. बरं वाटलं आणि टोचलंही.

आपली कृत्रिम दातांची लॅब चालू आहे. दात भाजायची भट्टी नवी घेतली, पण रंग जुळवणारं कुणी नाही. परवा एका आजींचा पुढचा दात दवाखान्यातून तीनदा परत आला, शेजारच्या दातापुढे अगदी कपबशीसारखा पांढरा! तू असतीस तर खिडकीशी धरून म्हणाली असतीस, "ताई, यात थोडा चहा ओता."

तुझी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तू घराजवळच्या, नदीपलीकडच्या लॅबमध्ये अर्ज केलास. मला वाईट वाटेल म्हणून लपवून. त्यांनी एक दात करून घेतला, तोंडभर कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी जागा नाही म्हणून कळवलं. मग गावातल्या उरलेल्या दोन लॅबमध्येही तेच. त्या संध्याकाळी तू माझ्यासमोर बसून सगळं सांगितलंस आणि विचारलंस, "ताई, माझा हात बिघडलाय का गं?" मी म्हणाले, "अगं, हल्ली सगळीकडे मंदी आहे." त्यानंतर तू एकेक दात चार चारदा मोडून करायला लागलीस. सहा महिन्यांनी काम सोडलंस. मी तुला अडवलं नाही.

मंदी नव्हती, चिमणे. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही चार लॅबमालक एकत्र जेवायला बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, तीन तीन वर्षं शिकवायचं आणि शेजाऱ्याने माणूस उचलायचा, हे थांबवू या. एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत, असं ठरलं. मला ते शहाणपणाचं वाटलं. तू अर्ज घेऊन गेलीस त्या दिवशी नदीपलीकडच्या मालकांचा फोन आला. "तुमच्या लॅबमधली मुलगी आलीय. असा हात मी पाहिला नाही. घेऊ का?" मी म्हणाले, "ठरलंय ना आपलं." एवढंच. पगार वाढवून तुला ठेवून घेता आलं असतं, नाहीतर आनंदाने जाऊ देता आलं असतं. मी तिसरंच केलं.

गेल्या महिन्यात आमच्या त्या ठरावाबद्दल स्पर्धा आयोगाची चौकशी सुरू झाली. मालकांनी आपसात ठरवून कामगाराच्या वाटा बंद करणं कायद्याविरुद्ध आहे. वकील म्हणाले, लेखी काही नाही, आठवत नाही म्हणा. मंगळवारी मी आयोगापुढे गेले आणि त्या जेवणापासून त्या फोनपर्यंत सगळं सांगून आले. दंड होईल, तो भरीन. जबाबात तुझं नाव आहे, म्हणून तुलाही बोलावतील. ते पत्र येण्याआधी हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू मला सांभाळून घ्यायला बघशील. तसं करू नकोस. माझ्या नावासकट सगळं सांग. आणि उत्तराची घाई करू नकोस. आधी पोटभर चिडून घे.

तुझीच,
ताई