सिंधूच्या पोटऱ्यांचा तक्ता

७ मार्च १९८३, सोमवार. लातूर.
आजपासून रोजनिशी. कारण शुद्ध सायंटिफिक. सिंधूचे पाय दुखतात. वय साडेसहा. महिना झाला, रोज दिवेलागणीला पोटऱ्या धरून बसते, रडते, झोप लागली की थांबतं. मी घाबरलेलो नाही. बापानं मुद्देसूद असावं, एवढंच.
महानंदा म्हणाली, पायाचं बघालच, पर आधी पाण्याचं बघा की. मी बजावलं, कचेरी कचेरीत, घर घरात. नवा जिल्हा झाला तेव्हा उस्मानाबादहून आम्ही निवडक माणसं इकडं आलो, ती बायकोच्या दाराशी टँकर लावायला नाही. जानेवारीत आमच्या कचेरीत टँकरची लिस्ट झाली, त्यात आमची गल्ली होती. मीच लाल शाईनं काटली. खाली नोट मारली, ‘तीस एप्रिलपर्यंत कोणतीही वाढ विचारात घेऊ नये.’ साहेबांनी खूश होऊन सही केली.
आणि टंचाई टंचाई म्हणतात, आमच्या न्हाणीत रोज सकाळी दोन बादल्या भरलेल्या असतात. नियोजन असलं की होतं.

८ मार्च
मापं सुरू. कचेरीतली फूटपट्टी आणली (परत करणे). पोटरी गोल, पट्टी सरळ. म्हणून काळा दोरा गुंडाळायचा आणि दोरा पट्टीवर मोजायचा. उजवी २१.५ सेंटिमीटर. डावी २१.२. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही.
महानंदा म्हणाली, पोरीला मोजून राहिलात का बोकडाला.
शेजारची नागुबाई दोरा बघून म्हणाली, बरं केलं, बाहेरचं असंल तर उतरतंय दोऱ्यानं. तिला तिथंच ऐकवलं. आमचे वडील छप्पन साली दीक्षा घेऊन आले, तेव्हापासून घरात अंगारा-दोरा बंद. हा मापाचा दोरा आहे. ती म्हणाली, मग पायातच का ठिवला? उद्या जागा चुकू नये म्हणून. आता यात न समजण्यासारखं काय आहे.

१० मार्च
डावी २१.०. पुन्हा मोजली, २१.४. पुन्हा, २०.९. सिंधू म्हणाली, बाबा, लई आवळून राहिलात. तक्त्यात २०.९ लिहिलं. वाईटातलं वाईट धरून चालावं.
रात्री झोप नाही. एक गोष्ट लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. पंचफुला माझी धाकटी बहीण. आम्ही मुरुडला होतो, मी नऊ वर्षांचा, ती पाच. एका सकाळी पाय दुखतात म्हणून बसली. शेण गोळा करायची पाळी दोघांची होती. मी आईला सांगितलं, नाटक करून राहिली. आईनं तिला दोन धपाटे घालून माझ्याबरोबर पाठवलं. वाटेत तिनं मला पाठीवर घे म्हटलं. घेतलं नाही. संध्याकाळी ताप चढला. महिन्याभरात डावा पाय वाळला. पुढं एकोणीस वर्षं तो पाय ओढत घरात फिरली. टक्, सर्र. टक्, सर्र. बहात्तरच्या दुष्काळात तापानंच गेली. मला एका शब्दानं कधी बोलली नाही.
लिहून झालं. गेलं डोक्यातून.

१३ मार्च, रविवार
पहाटे जाग आली. अंगणातल्या फरशीवर आवाज. टक्, सर्र. टक्, सर्र. दारापासून न्हाणीपर्यंत आला आणि थांबला.
मी भूत मानत नाही. उंदीर असेल. उंदराचा इतका आवाज होत नाही, मग घूस. पांघरूण डोक्यावरून घेतलं ते गारव्यामुळं. मार्चमध्येसुद्धा लातूरला पहाटे गारवा असतो.
ठराव: उद्या उठून बघायचं. बॅटरी उशाशी ठेवली.

१४ मार्च
आवाज आला. उठलो नाही. सेल महाग झालेत, उगाच कशाला जाळा.
तक्ता: उजवी २१.५, डावी २१.०. आज तिन्ही वेळा २१.०. याचा अर्थ काय लावायचा? काहीच नाही.

१५ मार्च
शिपाई वीरभद्रला सहज विचारलं, केवळ माहिती म्हणून, की मेलेल्या माणसाच्या चालण्याचा आवाज येतो का. तो म्हणाला, येतोय की साहेब, काही मागायचं राहिलं असलं की. कुणाला येऊन राहिला? म्हटलं, एका मित्राला. तो म्हणाला, मित्राला म्हणावं, भिऊ नको, काय पाहिजे ते सरळ इचार. त्याला टपाल देऊन निलंग्याला धाडलं. अडाणी माणूस.
संध्याकाळी सिंधू रडली. तेल लावायला बसलो. ती म्हणत होती, दोन्ही दुखून राहिलेत. मी डावाच धरून बसलो होतो. शेवटी महानंदानं मला उठवलं आणि स्वतः चोळलं. पाच मिनिटांत झोपली पोर.

१७ मार्च
मुलांचे डॉक्टर अमृतराव यांच्याकडं गेलो. तक्ता नेला, लाल-निळ्या शाईतला. त्यांनी बघितला, नीट घडी घातली आणि परत दिला. म्हणाले, हे राहू द्या. सकाळी दुखतात का? चालताना लंगडते का? दुखतो तो एकच पाय की दोन्ही? ताप, सूज? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. महानंदानं सगळी दिली. सकाळी टुणटुणीत असती, लंगडत न्हाई, दोन्ही दुखत्यात, ताप न्हाई, सूज न्हाई.
डॉक्टरांनी पाय दाबून बघितले. तळवा हलकेच वर ढकलून पोटरी कशी ताणायची ते दाखवलं. म्हणाले, या वयात पुष्कळ मुलांचं असं होतं. कोमट तेल चोळा, गरम फडक्यानं शेका, जवळ बसा. एकाच पायात राहिलं, सकाळी लंगडली, सूज किंवा ताप आला, तर मात्र लगेच घेऊन या. मी विचारलं, पोलिओ? नाही म्हणाले. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी मला बसवून पाणी प्यायला दिलं.
जाता जाता म्हणाले, दिवसभर चाल फार झाली की संध्याकाळी जास्त दुखतं. हिची धावपळ किती? मी ठासून सांगितलं, काहीच नाही. शाळा गल्लीतच, बाकी वेळ घरात. महानंदा माझ्याकडं बघत राहिली. सिंधू खाली बघत होती. दोघींचं काय चाललं होतं कोण जाणे.

१८ मार्च, पहाट
आवाज आला. टक्, सर्र. ठरवलं, आता विचारून टाकायचं. उठलो. बॅटरी लावायचं सुचलं नाही. दार उघडलं आणि अंधारात म्हणालो, पंचफुले, काय पाहिजे तुला?
अंधारातून आवाज आला, बाबा, मी हाय. सिंधू.
तिच्या हातात तेलाचा डबा, कडीला सुतळी बांधलेली, पाण्यानं भरलेला. थोडा उचलते, टेकवते, ओढते. मागून महानंदा, डोक्यावर दोन घागरी. रुळापलीकडचा हातपंप. पहाटे चार खेपा. जानेवारीपासून.
मी म्हणालो, मला सांगितलं का नाही? महानंदानं घागर उतरवली. म्हणाली, कितींदा सांगितलं. तुम्ही कचेरी कचेरीत म्हणालात.
न्हाणीत बघितलं. दोन बादल्या भरत आल्या होत्या. माझ्या अंघोळीच्या.
सिंधूच्या पायातले दोरे कापले.

१९ मार्च
लिस्टीत गल्ली घालायला गेलो. साहेबांनी माझीच नोट मला वाचून दाखवली. माझ्याच अक्षरातली, तीस एप्रिलपर्यंत. म्हणाले, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून नवा जिल्हा चाललाय. मी थँक्यू म्हणालो.
ठराव: उद्यापासून पाणी मी आणणार. चार खेपा म्हणजे काय मोठं. पुरुषमाणसाला अर्ध्या तासाचं काम.

२० मार्च, रविवार
दोन खेपा झाल्या. दीड तास लागला. तिसरीला रुळाशीच बसलो. महानंदा येऊन उरलेलं पाणी घेऊन गेली. अंघोळ केली नाही.
दिवेलागणीला माझ्या पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की बसवेना. सिंधू मात्र रडली नाही. आज पहाटे झोपून होती. मी कण्हत पडलो तर महानंदा चुलीपाशी बसून हसत म्हणाली, पुरे आता, नाटक करून राहिलात.
ती थट्टेनं म्हणाली. तिला काय माहीत.
सिंधू तेलाची वाटी घेऊन आली आणि माझा डावा पाय मांडीवर घेतला. लहान हात, पण दाबते नीट.
पंचफुले, तुझे पाय खरंच दुखत होते. मला तेव्हाच कळलं होतं. शेणाची पाटी एकट्यानं उचलायची नव्हती, म्हणून तसं बोललो.
फूटपट्टी उद्या परत करणे.