मित्राच्या बाहुल्या

११ नोव्हेंबर

आज नव्या खोलीत पहिला मुक्काम. मंगळवार पेठेत आकाराममामांच्या घरावरची माडी. खरं सांगायचं तर मी खोली नाही, तिची खिडकीच भाड्याने घेतली. सकाळचा असा स्वच्छ उजेड येतो की बारीकातल्या बारीक ब्रशचे केस मोजावेत. कागलच्या एमआयडीसीत नवी नोकरी, क्वालिटीत, आणि सध्या सेकंड शिफ्ट. म्हणजे दुपारपर्यंतचा वेळ माझा. गडहिंग्लजहून निघताना आईने, आमच्या अव्वाने, शेंगदाण्याच्या चटणीचा एवढा डबा दिलाय की सगळी गल्ली जेवेल.

मामांचा दुधाचा धंदा. घराखालीच डेअरी. आवाज असा की जिन्यात बोलले तरी पलीकडच्या गल्लीतल्या म्हशीने कान टवकारावेत.

माझा छंद कुणालाच माहीत नाही, निदान इथे तरी लिहितो. बोटाच्या दीड पेराएवढे प्लॅस्टिकचे पुतळे: बुटके योद्धे, सांगाड्यांची फौज, एक मांत्रिक. टेबलावर फासे टाकून खेळायच्या काल्पनिक लढाईतले हे सैनिक. खेळायला जोडीदार आजवर मिळाला नाही. मी नुसता रंगवतो. कापायचे, चिकटवायचे, रंग धरून ठेवणारा करडा प्रायमर मारायचा, मग चिलखत, कपडे, शेवटी डोळे. ब्रशचं टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवून रंग किती सुटतोय ते बघायचं, ही माझी सवय. त्यामुळे ते नख कायम रंगलेलं आणि चारचौघांत कायम मुठीत लपवलेलं.

सामान चढवताना मामांच्या हातातल्या खोक्याचं बूड सुटलं आणि मांत्रिक पायरीवर पडला. मामांनी तो चिमटीत धरून उजेडात नेला. "पावणं, लगीन ठरलंय म्हनत हुता न्हवं? आन् बाहुल्या खेळताय व्हय?" असे हसले की डेअरीपुढच्या बायका वर बघायला लागल्या. माझे कान तापले. तोंडातून निघून गेलं की माझ्या नाहीत, मित्राच्या आहेत. ऋतुराज त्याचं नाव, तो पुण्याला गेलाय, ठेवायला दिल्यात.

ऋतुराज नावाचा माझा कुणीही मित्र नाही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. खोली छान आहे.

१६ नोव्हेंबर

कामावर बरं चाललंय. पार्टला गेज लावायचा आणि पास की नापास ते सांगायचं. माणसांचंही असं झटपट कळतं तर किती सोपं झालं असतं.

सकाळी मांत्रिक हातात घेतला. जुन्या टिफिनच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, ही माझी रंगांची थाळी. झग्याला जांभळा दिला, घड्यांत पातळ काळा सोडला. तो आपोआप खळग्यांत उतरतो आणि कापड जड दिसायला लागतं. या कामात मी किती सुखी असतो हे कुणाला सांगताही येत नाही.

मध्येच पूर्णिमाचा फोन आला. आमचा साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे, निपाणीला, तिच्या घरी. सकाळभर काय करता, असं तिने विचारलं. झोपतो, म्हणालो. ती हसली, आणि मला आपलीच लाज वाटली. साखरपुड्याच्या आधी तिला सांगायचंच. जिच्याबरोबर जन्म काढायचा तिच्यापासून नख किती दिवस लपवणार?

रंगाच्या वासाने मामा वर आले. मी मांत्रिकावर टॉवेल टाकला. त्यांनी विचारलं, तुमचा तो मित्र कधी यायचाय. येईल एखाद्या दिवशी, म्हणालो.

२१ नोव्हेंबर

मामा म्हणाले, तुमचा मित्र काल सांजच्याला आलता. मी तेव्हा कारखान्यात. किल्ली मामांनीच दिली. तो वर जाऊन बसला, पुतळे रंगवत होता, चहा दिला तो प्यायला. "लई सरळ मानूस. तुमच्यावानीच दिसतोय की. पर मान वर करून बोलतोय."

बोलाफुलाला गाठ पडली म्हणायची. की कारखान्यातल्या कुणी चेष्टा केली? पण तिथे तर मी हे नाव उच्चारलेलंच नाही.

असा कुणी नाही, मी खोटं बोललो होतो, एवढं मामांना सांगायचं होतं. उलट मामांपाशी त्याचे आभार मानले आणि वर आलो. त्याचे! नसलेल्या माणसाचे!

मांत्रिकाचा झगा पूर्ण झालाय. कडांना फिकट जांभळ्याची रेघ आहे, केसाएवढी, कुठेही न थरथरलेली. मला ती अशी कधीच जमलेली नाही.

२६ नोव्हेंबर

तो रोज येतो म्हणे. मी गेलो की येतो, मी यायच्या आत जातो. मामांना सांगितलं की किल्ली देऊ नका. ते चमकून म्हणाले, सोत्ताच्या मित्राला? मग मीच वरमलो.

मांत्रिक आणि चार बुटके आता डेअरीच्या काचेच्या कपाटात, पेढ्यांच्या शेजारी. ऋतुराजने मामांना भेट दिले. दूध न्यायला येणारे थांबून बघतात. धोंडुबाई नावाच्या म्हाताऱ्या शेजारीण आहेत, त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, देवानं बोटं दिल्यात बाई एकेकाला. गल्लीतल्या तालीम मंडळाची पोरं गणपतीच्या देखाव्यासाठी त्याला आत्तापासून विचारून गेली. मी दुधाची पिशवी घेऊन तिथेच उभा होतो.

कुणीही हसत नाहीये. हे मला सगळ्यात जास्त लागलं. कुणीही हसणार नव्हतं, मामासुद्धा त्या दिवसाचं हसून विसरले होते. आणि आता खरं सांगितलं तर लोक म्हणतील, मित्राचं श्रेय लाटायला निघाला. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

बुटके तर मी रंगवले होते, दोन वर्षांपूर्वी, गडहिंग्लजला, अव्वा झोपल्यावर. मागून एक उलटा करून पाहिला. तळाशी बारीक, सुरेख अक्षरांत लिहिलंय: ऋतुराज.

३ डिसेंबर

थिनरने घासलं. नाव जात नाही. खोक्यातल्या सगळ्यांच्या तळाशी तेच नाव आहे. मी कधीच सही करत नव्हतो. कुणी बघितली तर, म्हणून.

पूर्णिमाचा फोन. काल आईबरोबर अंबाबाईला आली होती, म्हणून इथेही डोकावली. मी कामावर होतो. ऋतुराज भेटले, म्हणाली. किती मन लावून काम करतात, मला समजावून सांगत होते, मीही एक बुटका रंगवला. तिच्या आवाजात जो आनंद होता तो माझ्यासाठी कधी ऐकला नव्हता. मग तिने विचारलं, तुम्हाला येतं का हो यातलं काही?

यापेक्षा सोपा प्रश्न कुणी विचारणार नव्हतं. उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हणालो, छे, मला नाही असल्या पोरखेळात गोडी.

फोन ठेवल्यावर भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

६ डिसेंबर

कारखान्याच्या गेटवर अंगठा लागेना. हजेरीचं मशीन नुसतं लाल. दुसरा अंगठा लावला, तोही नाही. वॉचमन ओळखीचा, तरी म्हणाला की तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटचे? शेवटी वहीत सही करून आत घेतलं.

अंगठ्यावरच्या रेषा — साबणाने गेल्या असतील. थिनरने गेल्या असतील.

९ डिसेंबर

आज निश्चय करून बसलो. ब्रश उचलला, निळा घेतला, नखावर टेकवला. रंग थांबला नाही. प्रायमर न मारलेल्या प्लॅस्टिकवरून घरंगळतो तसा घरंगळला. पुन्हा टेकवला. पुन्हा. नख कोरडं, करडं.

आयुष्यभर जे नख लपवलं ते आज स्वच्छ आहे, आणि मी रडतोय.

खाली गेलो. मामा, मला बोलायचंय, म्हणालो. त्यांनी कॅन खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं. "बोला की पावणं. कुनाकडं आलाय?"

११ डिसेंबर

कामावर गेलो नाही. गेटवर नाव सापडत नाही.

तो आता सकाळीही येतो. माझ्या खुर्चीत. मला पाठ दिसते. पाण्याच्या ग्लासात ब्रश खळबळतो, मग काठावर एकदा टक्क. मी अगदी तसंच करतो. करत होतो.

हाक मारली. वळला नाही. मला तो भुतासारखा वाटत नाही — तेच भयंकर आहे. तो मजेत आहे. दार सताड उघडं टाकून बसतो.

१३ डिसेंबर

अव्वाला फोन लावला. कानडीत यारु, म्हणजे कोण, म्हणाली. मी, म्हणालो. ऋतुराज का रे, म्हणाली — कालच तर बोललास, जेवलास का —

मीच ठेवला. आईला काय सांगणार, की तुझा मुलगा लाजेने —

पूर्णिमा उद्या येणार आहे. भावाबरोबर. खोली बघायला. तिच्यासमोर एकच वाक्य म्हणायचं. हे पुतळे माझे आहेत. हे माझे आहेत. हे —

आवाज फुटत नाही. लिहिता येतंय अजून.

१४ डिसेंबर

जिना वाजला. मामांचा आवाज. तिचा.

तो टेबलाशी, खिडकीच्या उजेडात. मी पलंग आणि कपाटाच्या मधल्या कोपऱ्यात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, पुतळ्याचे तळाला असतात तसे, करडे. हात तेवढा हलतोय —

ती त्याच्या शेजारी उभी आहे. तळहातावर मांत्रिक. हसतेय.

आता. आता म्हणतो —

ती इकडे बघतेय. सरळ माझ्याकडे. देवा, दिसलो. विचारतेय की कोपऱ्यात ते काय आहे.

कोण नाही. काय.

तो वळला. माझ्याकडे बघून त्याचे कान लाल झाले. ते कान मी ओळखतो. रंगलेलं नख मुठीत मिटलं त्याने, आणि घाईघाईने तिला सांगतोय, माझं नाही ते, एका मित्राचं आहे, ठेवायला दिलंय, तो पुण्याला —

पूर्णिमा, मी इथे आहे, हे सगळं माझं, मीच रंगव