बिळात बाप असताना सिमेंट न ओतणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
नदी व्यवस्थापन कार्यालय, कामिसावा.

विषय : कुरोतानी नदीच्या डाव्या काठावरील बीळ न बुजविणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांवरील आपले एकमेव, परंतु अविस्मरणीय उत्तर.

महोदय,

१. मी, हिसाए कुवाबारा, नदीतील जीवसृष्टीची संशोधक, अर्ज करते की, सदर बिळात एक महाकाय सॅलमँडर, म्हणजे आपल्याकडचा हानझाकी, सप्टेंबरपासून अंड्यांची राखण करीत आहे. मादी अंडी घालून चालती झाली. बाप मात्र पिल्ले बाहेर पडेपर्यंत, म्हणजे वसंत लागेपर्यंत, हलायचा नाही. आपण तिथे सोमवारी काठ बांधायला घेत आहात.

२. आपले सहायक मोरिवाकी-सान म्हणाले, "मॅडम, त्याला थोडे दिवस दुसरीकडे ठेवा ना!" म्हटले, ठेवते, परवानगी द्या. तर हा प्राणी राष्ट्रीय वारसा. त्याची परवानगी वारसा विभागाकडे, जिथे जुन्या घंटा आणि देवळांची छपरे बघतात. तिथल्या बाई म्हणाल्या, "बैठक फेब्रुवारीत आहे हो. तोवर बोटसुद्धा लावू नका, गुन्हा होईल."

३. मग सिमेंटचे काय, असे विचारले असता त्यांनी, महोदय, आपणाकडे बोट दाखविले. आपण लेखी कळविलेत की, सिमेंट बिळाला लावले जाणार असून प्राण्यास कोणीही हात लावणार नाही, सबब नियमभंग होत नाही. धन्य आहे! वाचून आधी हसू आले, मग चांगलेच रडू आले. दोन्हींची नोंद घ्यावी.

४. निधी ३१ मार्चच्या आत संपवायचा असतो, हे मला कळते. पण मग कार्यालयाच्या दारात याच प्राण्याचा पुतळा टोपी घालून हसत का उभा केला आहे? चहाबरोबर त्याच्याच आकाराचे, गोड सारणाचे मांजू का देता? (मी दोन खाल्ले. खोटे कशाला बोलू?) अहो, या पट्ट्यात अंडी घालण्याजोगे हे एकच बीळ उरले आहे. बाकीची आपणच बुजवलीत.

५. सबब, सोमवारी सकाळपासून मी रबरी विजार घालून बिळाच्या तोंडाशी पाण्यात बसत आहे. मी राष्ट्रीय वारसा नाही. मला हात लावायला कोणत्याही विभागाची परवानगी लागत नाही. तरी आपण जातीने येऊन मला उचलावे, ही विनंती.

आपली, अद्यापपर्यंत नम्र,
हिसाए कुवाबारा
कामिसावा, २८ ऑक्टोबर

सोबत :
१. बिळातील बापाचे छायाचित्र (टोपीविना).
२. माझा वैद्यकीय दाखला. वजन ७८ किलो; माणसे त्या हिशेबाने आणावीत.