बारा बोअरची बंदूक कोणाच्याही नावे होऊ नये

मी, वामन नत्थुजी मेहरे, वय अडुसष्ट, धंदा भाजीपाल्याची शेती, राहणार मौजे वाघोडी, तालुका नांदगाव खंडेश्वर, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र कोणाच्या दाबाखाली नव्हे तर स्वतःच्या समजुतीने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझी पत्नी शकुन मागल्या वर्षी आमच्याच वावरात रानडुकराच्या हल्ल्यात वारली. तेव्हापासून मला फारसे काही वाटत नाही. सुनेने एकदा मुद्दाम अळणी भाजी वाढून पाहिली, ती मी खाऊन उठलो. वकीलसाहेब म्हणाले, याला वेड म्हणत नाहीत, मृत्युपत्र चालेल. म्हणून लिहितो.

१. राहते घर मुलगा योगेश आणि सून आचल या दोघांच्या नावे व्हावे. एकट्या योगेशच्या नको. मुलगी गीतांजली अकोल्याहून येईल तेव्हा पुढची खोली तिची. तिथे कांद्याची पोती रचून ठेवू नयेत. हे मी जिवंत असतानाही सांगत आलो आहे, कोणी ऐकत नाही. आता कायद्याने सांगतो.

२. ओलिताचे वावर योगेश व आचल यांनी सारखे घ्यावे. पोस्टातली ठेव गीतांजलीची.

३. फवारणीचा पंप, विळे, खुरपी योगेशला. पत्र्याचा पिपा आणि बाभळीचा दांडा आचलला. या पिप्याला बाजारात कोणी हात लावणार नाही, पण आमच्या घरात तो लागतो. वांग्याची तोडणी आमच्याकडे एकट्याने करत नाहीत. एक जण तोडतो, दुसरा बांधावर उभा राहून पिपा वाजवतो, म्हणजे डुकरे ओळीत शिरत नाहीत. शकुन तोडायची, मी वाजवायचो. लग्न झाल्यापासून हेच. माझा हात थांबला की ती वाकल्या वाकल्याच ओरडायची, "काहून जी, झोपले का उभ्या उभ्या?"

४. धाकटा भाऊ शालिकराम यास मी काही देत नाही. सामाईक विहिरीचे अर्धे पाणी त्याचे आहेच, ते मी देण्याचा प्रश्न नाही. त्याने माझ्या तिरडीला खांदा द्यावा, भाऊ आहे. काही न देण्याचे कारण पुढच्या कलमात कळेल.

५. आता बंदूक. बारा बोअर, एकनळी, पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. तिने आजवर हवेत बार काढण्यापलीकडे काही केलेले नाही. डुक्कर मारायचे तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते, आणि परवानगी येईपर्यंत डुक्कर थांबत नाही. तरी मला तिचा अभिमान होता, हे खोटे कशाला बोलू. दसऱ्याला तिला पुसून झेंडूची माळ घालायचो. शकुन तिला सवत म्हणायची.

मागल्या विधानसभेची आचारसंहिता लागली तशी बंदूक ठाण्यात जमा झाली. निकालानंतर परत मिळू लागली. परवानाधारकाने स्वतः यावे असा नियम. मला बोलावणे आले त्या सकाळी योगेश भाजी घेऊन अमरावतीच्या बाजारात हर्रासाला गेला होता, आचल माहेरी धामणगावला. मी म्हटले, उद्या जातो. शकुन म्हणाली, "जा, आना ती सवत माही. तिच्याबिगर तुमाले चैन नाही पडत." वांगी ठेवली की जून होतात. मी ठाण्यात गेलो, ती वावरात.

ठाण्यात हत्यारांच्या खोलीचे काम चंद्रभान हवालदार पाहत. म्हणाले, "बसा वामनराव, सायब येऊनच राहिले. सहीच बाकी हाय." मी बाकावर बसलो. दुपार झाली. यात चंद्रभानची चूक नाही, साहेबांचीही नाही. गावात वेगळे बोलतात म्हणून हे इथे स्पष्ट लिहितो.

बंदूक घेऊन बसने परत आलो. फाट्यावर पुंजाजी खंडारे उभा होता. त्याचे वावर माझ्या वावराला लागून. म्हणाला, "चाला वामनराव, वावराकडं. बंदूक माह्यापाशी द्या." मी दिली नाही. परवाना माझ्या नावाचा, दुसऱ्याच्या हाती देणे गुन्हा. तेवढे मला त्या वेळीही आठवले.

शकुन वांग्याच्या ओळीत पडली होती. मांडीला दात लागला होता, रक्त सगळे मातीत गेले होते. गाडी आली. माणूस उचलायला दोन्ही हात लागतात. माझ्या हातात बंदूक होती. इतरांनी उचलली. मी बाजूला उभा राहिलो, बंदोबस्ताला आल्यासारखा. तेव्हा शालिकराम सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, आता आनली का?"

हे मी विसरलेलो नाही. तेराव्याला जेवून हात धुताना तोच मला म्हणाला, "तुमाले आता काय करायची बंदूक? माह्या नावानं करून द्या." त्याला ती पिकासाठी नको, सरपंचाच्या मिरवणुकीत खांद्यावर मिरवायला हवी. त्याला मिळू नये.

६. योगेशलाही मिळू नये. हे लिहिणे जड जाते, कारण त्याचे कारण खरे आहे. तो म्हणतो, "बाबा, आईचं झालं ते आचलचं होऊ देऊ का?" त्यावर मी एवढेच सांगतो, की ज्याच्या नावावर बंदूक असते त्याला तिच्यासाठी सारखे घर सोडावे लागते. नूतनीकरण, तपासणी, निवडणूक. आता जिल्हा परिषदेची येईल, पुन्हा बोलावणे येईल. त्या दिवशी बांधावर कोणी नसते.

बंदूक माझी असली तरी परवाना सरकारचा आहे, तो वारसाने मिळत नाही. वारसाला स्वतःच्या नावे नवा अर्ज करावा लागतो आणि बाकीच्या वारसांनी ना-हरकत द्यावी लागते. गीतांजली, भावाने कितीही गळ घातली तरी तू त्यावर सही करू नकोस. तो वर्षभर बोलणार नाही. मग बोलेल. बंदूक विकूही नये, कारण ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जाईल. सरकारजमा करून नष्ट करावी असा अर्ज द्यावा.

मी जिवंतपणीच हे का करत नाही, असे पुंजाजी विचारतो. त्यासाठी ठाण्यात जावे लागेल, त्या बाकावर बसावे लागेल. माझ्याने होत नाही.

७. अंमलबजावणी पुंजाजीने पाहावी. बंदूक कपाटात, किल्ली देव्हाऱ्यामागे, काडतुसे पितळी डब्यात. परवानाधारक मेला की हत्यार विनाविलंब ठाण्यात जमा करावे, असा कायदा आहे. कायदा मी आयुष्यभर पाळला, मेल्यावरही पाळावा अशी इच्छा आहे.

तथापि योगेश, माझा जीव गेल्याचे कळले की आधी वावरात बघ. आचल तोडणीला गेली असेल तर तिला घेऊन घरी ये. घाई असेल, लोक जमले असतील, शालिकराम मोठमोठ्याने बोलत असेल, तरी आधी तिला आण. तिला एकटी ठेवून ठाण्यात जायचे नाही. मी थांबेन, बंदूकही थांबेल.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. यापूर्वी असा दुसरा लेख मी केलेला नाही.

लिहून देणार: वामन नत्थुजी मेहरे (सही)

आम्हा दोघांसमक्ष वामनरावांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली.

साक्षीदार:
१. पुंजाजी डोमाजी खंडारे, शेती, रा. वाघोडी (सही)
२. चंद्रभान सदाशिव ढोके, निवृत्त पोलीस हवालदार, रा. नांदगाव खंडेश्वर (सही)

ठिकाण: वाघोडी, राहत्या घरी. साक्षीदार इथेच आले, मी कुठे गेलो नाही.
दिनांक: ११ सप्टेंबर २०२५