तिन्ही एका पातळीत

मी, पुंजाजी शालिग्राम सुतार, वय वर्षे एकाहत्तर, राहणार मोताळा, जिल्हा बुलढाणा, माझ्यामागे काय कोणाचे ते आज लिहून ठेवतो. दुखणे छातीचे आहे, डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीला घातलेले नाही.

१. राहते घर मुलगी जयमाला हिला. गणेशने, म्हणजे माझ्या मुलाने, त्यावरून तोंड वाकडे करू नये. दुखण्यात माझे तिनेच केले.

२. दोन एकर शेत गणेशला. सलग दोन वर्षे तिथला कापूस बोंडअळीने खाल्ला. पुढे काय पेरावे हे मी सांगणार नाही. माझ्या हट्टाची किंमत दुसऱ्यांनीच मोजली आहे.

३. पडवीतल्या, मी घडवलेल्या पेरणीच्या अकरा तिफणी. बीटी कापसाचे बी आले, ते महाग, म्हणून लोक दोरी धरून एकेक दाणा हाताने टोबू लागले. तिफणीने पेरणार कोण? हातचे काम गेले. त्या माझ्या सरणाला लावाव्यात, लाकूड चांगले आहे.

४. होडी. काम गेल्यावर रिकामा बसवेना, म्हणून २००७ साली मलकापूरच्या भंगारातून ही आणली. मधे एक मोठी होडी, दोन्ही बाजूंना आडव्या दांड्यांनी जोडलेल्या दोन लहान. मुंबईकडच्या कोणा शौकिनाने टाकून दिलेली. गावाने तिला ‘पुंजाजीची तिफण’ म्हटले, आणि मीही तिला तिफणच समजलो. तिथेच घात झाला.

दोन वर्षे मी आणि माझा दोस्त रहेमतुल्ला शिंपी राबलो. सडलेल्या फळ्या मी बदलल्या, शीड त्याने शिवले. बाजूच्या दोन्ही होड्या मधलीपेक्षा चार बोटे वर होत्या. मी म्हटले, हे बनवणाऱ्याचे वाकडे काम. तिफणीचे तिन्ही फण एका पातळीत नसले तर बी कुठे खोल, कुठे उथळ पडते, हे मी बापाच्या हाताखाली शिकलो होतो. रहेमतुल्ला म्हणाला, “राहू दे बे पुंज्या, बनवनाऱ्यानं काई इचार करूनच ठेवलं असन.” मी म्हणालो, “शिंप्यानं सुताराले शिकवू नये.” आणि पाणसळ लावून तिन्ही एका पातळीत आणल्या.

शालूबाईचे, माझ्या बायकोचे, माहेर नळगंगेच्या धरणात बुडालेले. “माह्येराले शिडाच्या होडीतून जानारी मीच पयली,” असे ती सगळ्यांना सांगत सुटली होती. २००९ साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे निघालो. माहेराच्या जागेवर तिने पाण्यात हळदकुंकू सोडले. मग वारा उठला आणि होडी धरणाच्या दगडी भिंतीकडे सरळ निघाली. मी सुकाणू सगळा जोर लावून दाबले, होडी वळेना. शीड वाऱ्याने फुगलेले, ते उतरेना. भिंतीवर आपटलो. मी वाचलो.

तिसऱ्या दिवशी सगळ्या गावासमोर मी रहेमतुल्लाला बोललो, “तुया शिलाईनं माई बायको खाल्ली.” त्याने मान खाली घातली. त्यानंतर त्याने शिलाई मशीनला हात लावला नाही.

२०१५ साली जयमालाने फोनवर अशा होड्यांची चित्रे दाखवली. एकूणएक होडीत बाजूच्या दोन वर उचललेल्या. तिन्ही सारख्याच पाण्यात रुतल्या तर होडी तिफणीसारखी सरळच चालणार, वळणार कशी? मी मोडकी होडी पुन्हा जोडली, त्या चार बोटे वर घेतल्या आणि एकटा पाण्यात गेलो. शीड तेच, रहेमतुल्लाने शिवलेले. सुकाणूला नुसता हात लावला तर होडी वळली. त्या भिंतीसमोरच वळली. मी तिथे ओरडून रडलो.

शालूला मी मारले. रहेमतुल्लाचा काडीचा दोष नव्हता. होडी गणेशने फोडून टाकावी.

५. पाणसळ कोणालाही देऊ नये. ती खोटे बोलली नव्हती, पण मला ती कोणाच्या हातात पाहवणार नाही. माझ्यासोबत जाळावी.

६. हे सारे माझ्यामागे वाचले जावे, असा माझा बेत होता. जयमाला म्हणाली, “बाबा, मेल्यावर माफी मांगसान त काकाले काय ऐकू येईन?” म्हणून दुसरा साक्षीदार रहेमतुल्लाच हवा. वकील म्हणतात, साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते. मला गरज आहे.

ठिकाण : मोताळा. दिनांक : १२ नोव्हेंबर २०१९.

पुंजाजी शालिग्राम सुतार (सही)

साक्षीदार १ : शेषराव, शेजारी (सही)

साक्षीदार २ : उकंडराव, शेजारी (सही)

खुलासा : आज मजकूर रहेमतुल्लाला मी स्वतः वाचून दाखवला. त्याने एवढेच विचारले, “तुले कधी समजलं?” मी म्हणालो, “चार सालं झाले.” “चार सालं, पुंज्या,” तो म्हणाला आणि उठला. त्याने सही केली नाही, म्हणून उकंडरावांना बोलावले. खुंटीवरचे शीड मात्र तो जाताना काढून, घडी करून, काखेत घेऊन गेला. ते त्याचेच आहे. कोणी मागायला जाऊ नये.