शनीमावशीची पत्रं

४ फेब्रुवारी
ठरलं. यंदाच्या विज्ञानकथा मेळाव्यात ‘फॅन ऑफ द इयर’ मीच. शाळेत विज्ञानात गटांगळ्या खाल्ल्या, पण विज्ञानकथेत कोण नापास करतो? माझं मासिक ‘ग्रहगोंधळ’ मी कामाला आहे त्या दुकानातल्या झेरॉक्सवर निघतं, मालक जेवायला गेले की. अडचण एकच. वाचकांची पत्रं येत नाहीत. आलं ते एकच, मामाचं. अंकाची पिन निघाली, बोटात घुसली म्हणे.

९ फेब्रुवारी
आयडिया! पत्रं मीच लिहिणार. खोटेपणा नाही, कल्पनाशक्ती. एक वाचक जन्माला घातली. शनीमावशी. वय झालेली, फटकळ. नुसती स्तुती केली तर लोकांना वास येईल, म्हणून तिने माझ्याच कथेची सालटी काढली. हिरो हवा खायला रॉकेटच्या खिडकीतून डोकं बाहेर काढतो, ते पुढच्या पानावर परत कसं आलं, असं विचारते. शेवटी मात्र लिहिते, संपादक होतकरू आहे. हे वाक्य फार भारी जमलंय.

२६ फेब्रुवारी
पत्रांचा ढीग! सगळी मावशीला. एक जण म्हणतो, संपादकांची कथा काढा, ती पानं मावशींना द्या. आजवर ताईने माझा अंक फक्त गरम पातेल्याखाली घातला. आज मावशीचं पान वाचून खो खो हसली. म्हणाली, बाई तुला चांगलं ओळखून आहे रे. प्लॅन झकास चाललाय.

१० मार्च
आता चष्मिसला उडवायचा. चष्मिस म्हणजे दुसऱ्या मासिकाचा संपादक. बँकेत नोकरी, कडक इस्त्री. मावशीकडून त्याला पत्र टाकलं. तुमचे परग्रहवासी कर्जाचा अर्ज भरायला आल्यासारखे बोलतात. रडेल बिचारा.

२२ मार्च
रडला नाही. पत्र पहिल्या पानावर छापलं, चौकटीत! वर लिहिलंय, मावशी, डोळे उघडलेत. घाबरलाय, दुसरं काय.

२ एप्रिल
‘फॅन ऑफ द इयर’च्या मतदानाची नावं आली. चष्मिस, मी आणि मावशी. काळजी नाही. मावशीने जाहीर पत्र लिहिलं, मला बक्षीस नको, त्या पोराला द्या. आता तिची मतं सरळ माझ्या खिशात.

१८ एप्रिल, मेळाव्याहून आल्यावर
मावशी जिंकली. मोठ्या मनाची बाई म्हणे. टाळ्या थांबेनात. अध्यक्ष, म्हणजे दाताचे डॉक्टर, म्हणाले, मावशी आल्या असतील तर पुढे यावं. गेलो स्टेजवर. सांगून टाकलं, मावशी मीच. डॉक्टर म्हणाले, बस बाळा, सकाळपासून तू चौथा. चौथा! तिसरा चष्मिस होता. म्हटलं, परीक्षा घ्या. दोघांना कागद दिले. चहाच्या टेबलावर बसून मावशीसारखं पानभर लिहिलं. डॉक्टरांनी वाचलं, मान हलवली. म्हणाले, नक्कल बरी आहे, पण मावशींची सर नाही. चष्मिसची म्हणे जास्त जवळची.

२५ एप्रिल
मावशीकडून डॉक्टरांना पत्र टाकलं होतं, तो पोरगा खरं बोलतोय, मी म्हणजे तोच. ‘ग्रहगोंधळ’च्या पत्त्यावर उत्तर आलं. मावशी, पोराची लाज राखायला एवढं केलंत! तुमचं पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या वर्षीही तुम्हीच.

३ मे
उपाय एकच. मावशीला मारलं. अंकात चार ओळी, काळी चौकट. आता मैदान मोकळं. पुढच्या अंकात माझी कथा दुप्पट लांब.

१४ मे
वाचक कळवतायत, मावशी नाहीत तर अंक पाठवू नका. चष्मिसने श्रद्धांजली विशेषांक काढलाय. झेरॉक्सला आमच्याच दुकानात आला. मालकांनी मशीनवर मला उभं केलं, वर म्हणाले, बाईंचा फोटो काळा येऊ देऊ नकोस. कुठून फोटो मिळवला देव जाणे. बाई छान होती दिसायला.
घरी आलो तर ताई तोच अंक मांडीवर घेऊन डोळे पुसतेय. म्हटलं, अगं वेडे, रडतेस काय, ती मीच होतो. ताईने नाक ओढलं. म्हणाली, गेलेल्या बाईला तरी सोड रे.