ओच्यातली मैद्याची पुडी

माय,

अन् वरून मलेच म्हणायची, तुह्या हातची नानखटाई भुगा होते, तुले पीठ मळता येत नाही! पाहुण्यांसमोर म्हणायची अन् मी मान खाली घालून ऐकायची. आता समजलं भुगा कायले होत होता. माही निव्वळ ज्वारीची होती. तुही नव्हती.

तुले जाऊन सहा महिने झाले, सहाही महिने मी रडली. कालपासून रडणं बंद आहे, म्हणून कागद घेऊन बसली. चौथीपर्यंतच शिकली मी, चुका असतील. तुह्याएवढी मोठी चूक नसेल.

काल माही वैशू म्हणे, आजीसारखी नानखटाई पाहिजे. मी पांढुर्ण्याहून बसनं सौंसरले गेली, तू भाजून घ्यायची त्याच बेकरीत. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तूप, पिठीसाखर, सारं तू सांगितलं तसं नेलं. बेकरीवाल्यानं पिठात हात घातला अन् विचारलं, "मावशी, मैद्याची पुडी राहिली का घरी? आजी तर दर टायमाले ओच्यातून काढून देत होती."

मले वाटलं, दुसऱ्या कोण्या म्हातारीचं सांगून राहिला. तर म्हणे, "तुमचीच माय जी. म्हणत होती, दोन मुठींनं काय होते, नातीले गोड लागलं पाहिजे."

दोन मुठी! पीठ तिथंच टाकून आली मी.

नागपूरच्या डॉक्टरसमोर तू माह्या बाजूले बसून होती. वैशूले गहू, मैदा, रवा कणभर नाही, आतडं खराब होते, खाल्लेलं अंगाले लागत नाही, हे तूही ऐकलं. पोळपाट वेगळा ठेव, हे तूच मले बजावलं. बेकरीच्या भट्टीत दुसऱ्याचा मैदा लागते का विचारलं तर म्हणाली, ट्रे मी माह्या हातानं घासतो, पहिला घाणा माहाच राहते. मायवर कोणी शंका घेते का?

तुहा नानखटाईचा डबा आला का वैशूचं पोट फुगायचं. मी म्हणायची, पोरगी शाळेत चोरून समोसे खाते. दप्तराची झडती घेतली. एक दिवस कानशिलात दिली. ती रडत म्हणत होती, "मी फक्त आजीची नानखटाई खाल्ली." तू तिथंच बसून होती, माय. तेव्हा तरी बोलायचं होतं. तू काय केलं? तिले जवळ घेतलं अन् अजून एक नानखटाई हातात दिली.

तू गेल्यापासून पोरीचं वजन वाढून राहिलं. अन् मी बावळट साऱ्यांले सांगत होती, आजीचा आशीर्वाद आहे!

तू कायले केलं ते मले समजते. तुह्या माहेरी पोळी पाहुण्याले अन् भाकर घरच्याले. गव्हात ताकद, ज्वारी गरिबाची, हे डोक्यात बसलं ते निघालंच नाही. ज्वारीवर पोरगी सुकून जाईन म्हणायची. अवं, तीच भाकर खाऊन तू सत्तरीत विहिरीचं पाणी ओढत होती! पोरगी सुकली ती तुह्या मैद्यानं.

आज मी घरीच केली. जवस कुटून कोमट पाण्यात भिजवला, चिकट झाला, तो भाजल्या ज्वारीच्या पिठात घातला. कढईत मीठ तापवलं, त्यावर नानखटाईची ताटली ठेवून झाकण घातलं. भुगा नाही झाला, माय. तुह्यासारखी तोंडात विरघळत नाही, रवाळ लागते, खोटं कायले बोलू? पण वास काय सुटला! वैशूनं दोन खाल्ल्या. म्हणे, "चांगली आहे, पण आजीची नाही."

आता हिले काय सांगू? त्या चपराकेची माफी मागायची आहे मले. मागायची तर तुहं नाव घ्यावं लागते.

येत्या आखजीले, अक्षय तृतीयेले, पितरांमधी तुहं पान वाढीन. त्यावर जवसाची नानखटाई ठेवीन. या घरात आता तुह्या नावानंही मैदा शिरणार नाही, हा माहा शब्द आहे. आखजीच्या आदल्या दिवसापर्यंत सपनात ये अन् सांग, पोरीले काय सांगू. नाही आली तर पान वाढता वाढता मीच तिले सारं सांगतो. मग ती तुह्या पानाले हात जोडते का नाही, ते तुम्ही दोघी पाहा.

तुही पोरगी,
शकू